पटावरून कमी झालेलीं नांवें

(नभोवाणीवरील भाषण)

व्हिडिओ गेममधील एका निळ्या प्राण्यावर अमेरिकेंत चित्रकथांचें एक मासिक निघालें, त्याचा इतिहास हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्यानें उभा जन्म प्राथमिक शाळेंत पाढे आणि बखरींतल्या गोष्टी शिकविण्यांत घालविला, त्या साठी उलटलेल्या मॅट्रिक मास्तरानें असला विषय कां घ्यावा, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांना येईल. तेव्हां प्रथम तिचें निरसन करतों.

माझा भाचा लहानपणापासून अमेरिकेंत वाढला. गेल्या खेपेस तो आला, तेव्हां बाळपणीं जमविलेल्या मासिकांची एक थप्पी त्यानें बरोबर आणली होती. ती माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. हीं वाचा, आणि यांतलीं माणसें गेलीं कोठें तें मला सांगा." मीं प्रथम गोष्ट हसण्यावारी नेली. पुढें शब्दकोश जवळ घेऊन वाचूं लागलों, तेव्हां त्याच्या प्रश्नाचें मर्म ध्यानीं आलें. वर्षानुवर्षें जीं पात्रें कथेंत वावरत होतीं, ज्यांचीं कुळें, भांडणें आणि मरणें वाचकांना तोंडपाठ होतीं, तीं २०१३ सालच्या अंकांतून एकाएकीं नाहींशीं झालीं होतीं.

आमच्या शाळेंत मुलाचें नांव पटावरून कमी केलें म्हणजे शेऱ्याच्या रकान्यांत कारण लिहावें लागे: 'परगांवीं गेला', 'सतत गैरहजर', क्वचित् 'मयत'. कारणावांचून कमी केलेलें नांव साहेबांच्या दृष्टीस पडलें, तर मास्तरांची धडगत नसे. येथें तर नांवांमागून नांवें कमी झालेलीं, आणि शेऱ्याचा रकाना कोरा! तो रकाना भरून काढावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

व्हिडिओ गेम आणि चित्रकथा यांची सोयरीक या मासिकाच्या पूर्वींच जुळली होती. अटारी ही खेळांची कंपनी आणि डीसी ही चित्रकथांची प्रकाशनसंस्था, या दोन्ही १९८२ सालीं वॉर्नर कम्युनिकेशन्स या एकाच मालकाच्या घरीं नांदत होत्या. त्यामुळें अटारीच्या कांहीं खेळांच्या पेटींतच 'अटारी फोर्स' नांवाची छोटी चित्रपुस्तिका घालण्यांत येऊं लागली. 'सोर्डक्वेस्ट' नांवाच्या खेळांबरोबरच्या पुस्तिकांत तर कोड्यांच्या खुणा लपविलेल्या असत, आणि तीं कोडीं सोडविणाऱ्यांपैकीं अखेरच्या विजेत्यांना सोन्याचे रत्नजडित जिन्नस बक्षीस मिळावयाचे होते. पांच बक्षिसांची मिळून किंमत दीड लाख डॉलर सांगितली होती. परंतु १९८३ सालीं अमेरिकेंत हा सारा धंदा कोसळला, आणि पहिलीं दोन बक्षिसें देऊन ती स्पर्धा गुंडाळावी लागली. या व्यवहारांत चित्रकथेला स्वतंत्र किंमत नव्हती. किराणा घेतल्यावर वाण्यानें पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवावा, तशी ती पुस्तिका होती.

पुढें १९९१ च्या जून महिन्यांत जपानच्या सेगा कंपनीनें 'सॉनिक द हेजहॉग' हा खेळ बाजारांत आणला. हेजहॉग म्हणजे साळिंदराहून पुष्कळ लहान, अंगावर आंखूड काटे असलेला, आणि भय वाटतांच अंगाचें गाठोडें करून पडून राहणारा एक प्राणी. नाओतो ओशिमा यानें खेळांतल्या या प्राण्याचें रूप रेखाटलें, युजी नाका यानें त्याला यंत्राच्या भाषेंत चालतें केलें, आणि हिरोकाझु यासुहारा यानें त्याच्या धांवण्याच्या वाटा आंखल्या. ही वांटणी आपण लक्षांत ठेवावी. कारण एका पात्राला किती हात लागतात, यांतच पुढील तंट्याचें मूळ आहे. खेळांतली कथा म्हणाल तर चार ओळींची. एक दुष्ट शास्त्रज्ञ मुक्या प्राण्यांना यंत्रांत कोंडतो, आणि वाऱ्यासारखा धांवणारा हा निळा प्राणी त्यांना सोडवितो. संपली कथा!

या चार ओळींवर मासिक चालविण्याचें साहस 'आर्ची' या न्यूयॉर्ककडील प्रकाशनसंस्थेनें केलें. ही संस्था १९३९ सालीं तिघा भागीदारांनीं काढली. १९४१ च्या अखेरीस आर्ची नांवाचा तांबड्या केसांचा शाळकरी मुलगा तिच्या अंकांतून प्रथम लोकांसमोर आला, आणि पुढें संस्थेनेंच त्याचें नांव धारण केलें. आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनाही आगगाडीच्या स्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांतून हा मुलगा चांगला परिचित झालेला आहे. सेगाच्या परवान्यानें या संस्थेनें १९९२ च्या अखेरीस सॉनिकची चार अंकांची एक छोटी मालिका सुरू केली, आणि १९९३ च्या उन्हाळ्यापासून कायमचें मासिक काढलें. इंग्लंडांतही फ्लीटवे संस्थेनें त्याच वर्षीं सॉनिकवर स्वतंत्र पाक्षिक सुरू केलें, तें २००२ पर्यंत चाललें. दोहोंकडे नायक एकच, खेळही एकच. परंतु कथा मात्र अगदीं निराळ्या. खेळानें केवळ बीज दिलें, वृक्ष वाढविला तो लेखकांनीं आणि चित्रकारांनीं, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाहीं.

अमेरिकन मासिकाचे आरंभींचे अंक थट्टामस्करीचे आहेत. पानोपानीं कोट्या, आणि खलनायकाची फजिती. पुढें दूरचित्रवाणीवरील सॉनिकच्या चित्रमालिकेंतलें वातावरण अंकांत उतरलें. सॅली नांवाची राजकन्या, यंत्रांनीं व्यापलेलें तिचें राज्य, आणि अरण्याच्या आश्रयानें लढणारे तिचे मूठभर सोबती. आपल्याकडील वाचकाला गनिमी काव्याची आठवण व्हावी, असा तो मामला आहे. १९९७ सालीं पन्नासाव्या अंकांत तर मुख्य खलनायकच मारला गेला. मुलांच्या मासिकांत असें सहसा होत नाहीं. तेथें खलनायक दर महिन्याला हरतो आणि पुढच्या महिन्याला ताजातवाना होऊन परत येतो. येथें मृत्यूला मृत्यूचें मोल आलें. कथा वाचकांबरोबर वयानें वाढूं लागली.

हें वळण देणाऱ्या लेखकांत केन पेंडर्स हें नांव प्रमुख आहे. १९९४ पासून सुमारें बारा वर्षें त्यानें या मासिकासाठीं लेखन केलें, आणि चित्रेंही काढलीं. त्याचें विशेष काम 'नकल्स' या पात्राविषयींचें आहे. ऑस्ट्रेलियाकडे एकिड्ना नांवाचा मुंग्या खाणारा काटेरी प्राणी असतो. त्या जातीचा हा तांबडा वीर १९९४ च्या खेळांत सेगानेंच आणला होता. आकाशांत तरंगणाऱ्या एका बेटाचा तो एकटा रखवालदार. त्याला मागचें कोणी नाहीं, पुढचें कोणी नाहीं. पेंडर्सनें या पोरक्याला कुळ दिलें. लॉक नांवाचा बाप दिला, पिढ्यान्‌पिढ्या बेटाची राखण करणाऱ्या पूर्वजांची परंपरा दिली, भाऊबंदकी दिली, ज्यूली-सू नांवाची प्रिया दिली, आणि भविष्यकाळांतील एका कथेंत लारा-सू नांवाची मुलगीही दिली. १९९७ ते २००० या काळांत नकल्सचें वेगळें मासिक निघालें, त्याचे ३२ अंक झाले. हें वंशवर्णन कित्येकांना लांबलचक वाटलें, आणि त्यावर टीकाही झाली. परंतु भाच्याच्या थप्पींतले सर्वांत झिजलेले अंक हेच आहेत, एवढें मीं पाहिलें.

पेंडर्सनंतर २००६ सालीं इयन फ्लिन हा तरुण लेखनाच्या जागीं आला. तो मूळचा या मासिकाचा वाचक. हौसेनें स्वतःच्या कथा रचणारा. त्यानें जुने सुटलेले धागे गोळा करून कथेला पुन्हां वेग दिला. व्हिडिओ गेमवर आधारलेली सर्वांत दीर्घकाळ चाललेली चित्रकथामालिका म्हणून २००८ सालीं गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकांत या मासिकाची नोंद झाली. अशा भरभराटींत असतांना संकट आलें, आणि तें आलें कागदाच्या वाटेनें.

येथें या धंद्याची रीत थोडी सांगणें अवश्य आहे. अमेरिकन चित्रकथेचें काम पुष्कळ हातांनीं होतें. एकजण कथा लिहितो, दुसरा शिसपेन्सिलीनें चित्रें काढतो, तिसरा त्यांवर शाई फिरवितो, चौथा अक्षरें घालतो, पांचवा रंग भरतो. यांतील बहुतेक मंडळी पगारी नोकर नसतात. पानामागें ठरलेला दर मिळतो. हक्कांची गोष्ट पूर्वींपासून कच्चीच. १९३८ सालीं जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघां पोरसवदा मित्रांनीं 'सुपरमॅन' या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरांना देऊन टाकले. त्या पात्रानें पुढें अलोट पैसा मिळविला, आणि कर्त्यांच्या वांट्याला मात्र ओढग्रस्त आली. अखेर १९७५ सालीं लोकमताच्या दडपणामुळें त्या दोघांना प्रत्येकीं वर्षाला २०,००० डॉलरांची नेमणूक करून देण्यांत आली. कित्येक संस्था मेहनतान्याच्या चेकच्या पाठीवर हक्क सोडल्याचा मजकूर छापीत. पैसे हवे असतील तर त्याखालीं सही करावी लागे. भुकेल्या माणसानें पाठीवरचा मजकूर वाचावा तरी केव्हां?

१९७८ च्या जानेवारीपासून अमेरिकेंत लेखनहक्काचा नवा कायदा अंमलांत आला. नोकरानें नोकरींत केलेलें काम धन्याचें. परंतु बाहेरच्या कारागिराकडून करवून घेतलेलें काम धन्याचें व्हावयाचें, तर कामाचा प्रकार कायद्यांत सांगितलेल्यांपैकीं असला पाहिजे, आणि उभय पक्षांच्या सह्यांचा लेखी करारही पाहिजे. १९८९ सालीं जेम्स अर्ल रीड नांवाच्या मूर्तिकाराच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा भेद स्पष्ट केला. एका सेवाभावी मंडळानें त्याच्याकडून बेघर कुटुंबाची मूर्ति करवून घेतली होती, लेखी करार कांहींच नव्हता. मूर्तिकार नोकर नव्हता, म्हणून केवळ काम सांगितल्यानें मंडळ त्या कृतीचें कर्ते ठरत नाहीं, असा निर्णय झाला. तात्पर्य, बाहेरच्या माणसाकडून काम घेणाऱ्यानें कागद जपून ठेवावा.

आतां आपल्या कथेकडे वळूं. मासिक सोडल्यावर कांहीं वर्षांनीं पेंडर्सनें आपण लिहिलेल्या कथांचे व निर्माण केलेल्या पात्रांचे हक्क सरकारी कचेरींत स्वतःच्या नांवें नोंदविले. संस्थेनें २०१० च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत त्याच्यावर दावा लावला. संस्थेचें म्हणणें असें कीं, हें सारें काम आम्हीं पैसे देऊन करवून घेतलें, तसा करारही होता. पेंडर्सचें म्हणणें असें कीं, असा करार मीं केलाच नाहीं. "करार दाखवा" म्हणतांच संस्थेची पंचाईत झाली. मूळ कागद कांहीं न्यायासनापुढें येईना. छायाप्रती पुढें केल्या, तर त्या खऱ्या असल्याचें पेंडर्सनें नाकारलें. वर्षानुवर्षें बिनचूक दर महिन्याला अंक काढणाऱ्या संस्थेच्या कपाटांत एक सही केलेला कागद सांपडूं नये, याला काय म्हणावें!

न्याय कोणाच्या बाजूस होता, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आपल्याकडील कुळकायद्याच्या भाषेंत बोलावयाचें, तर शेत सेगाचें, मक्ता आर्चीचा, आणि कसणारा पेंडर्स. 'कसेल त्याची जमीन' म्हणावें, तर ज्या जगांत ज्यूली-सू आणि लॉक राहतात, तें जग, तो नायक, तें तरंगतें बेट, हें सर्व दुसऱ्याचें होतें. बरें, जमीन मालकाची म्हणावें, तर मालकानें चार ओळींपलीकडे कांहीं पेरलें नव्हतें. शिवाय पेंडर्सच्या पात्रांत पुढच्या लेखकांनींही रंग भरले होते. न्यायाधीशानें या प्रश्नाचा निवाडा केला असता, तर तो ऐकण्याजोगा झाला असता. पण तसें घडलें नाहीं. २०१३ सालीं उभयतांनीं आपसांत तडजोड केली. तिच्या अटी प्रसिद्ध झाल्या नाहींत, आणि तीं पात्रें मासिकाला पारखीं झालीं.

मग चालू कथेचें काय करावयाचें? त्याच वर्षीं सॉनिक आणि 'मेगा मॅन' या दुसऱ्या खेळाचा नायक यांची गांठ घालणारी बारा भागांची एक मोठी कथा चालली होती. तिच्या शेवटीं दुष्ट शास्त्रज्ञ साऱ्या विश्वाची घडीच बदलून टाकतो. मेगा मॅन आपलें जग पूर्ववत् करून घेतो. सॉनिकच्या हातून मात्र तें निसटतें. पुढच्या अंकापासून जग नवें. जुनीं राज्यें नाहींत, एकिड्नांचें कुळ नाहीं, बाप नाहीं, प्रिया नाहीं. नकल्स पुन्हां एकटा. ज्या खबरदारीनें पेंडर्सचीं पात्रें गेलीं, तिच्याच ओघांत इतर लेखकांचीं कित्येक पात्रेंही गेलीं. त्यांना निरोपाचे दोन शब्दही मिळाले नाहींत. जग बदलल्याची जाणीव आरंभीं सॉनिकला असते, असें लेखक फ्लिन यानें दाखविलें आहे. हा प्रसंग वाचतांना मला वाटलें, कीं तो निळा प्राणी येथें वाचकांच्या वतीनें उभा आहे.

त्यानंतर मासिक फार दिवस चाललें नाहीं. २०१६ च्या अखेरीस २९० वा अंक निघाला, आणि २०१७ च्या जुलईंत सेगा आणि आर्ची यांनीं आपला संबंध संपल्याचें जाहीर केलें. २०१८ च्या एप्रिलपासून आयडीडब्ल्यू या दुसऱ्या संस्थेनें सॉनिकच्या चित्रकथा काढण्यास प्रारंभ केला. लेखक तोच फ्लिन, परंतु कथा सर्वस्वी नवी. जुना धागा उचललेला नाहीं. जुन्या कथेचे सुटलेले धागे हौशी वाचकांनीं आपापल्या परीनें पुढें विणले, परंतु तें काम हौसेचें, अधिकृत नव्हे.

श्रोतेहो, एवढा वेळ मीं परक्या देशाची गोष्ट सांगितली. आतां दोन शब्द स्वतःविषयीं सांगतों, त्याबद्दल क्षमा असावी. तरुणपणीं मीं आमच्या तालुक्याच्या माहितीचें एक चिमुकलें पुस्तक मुलांसाठीं लिहिलें होतें. एका प्रकाशकानें तें छापलें, हातावर तीनशें रुपये ठेवले, आणि दोघेही खुष झालों. कागद त्यानें मागितला नाहीं, मीं दिला नाहीं. बऱ्याच वर्षांनीं माझ्याच वर्गांतल्या एका मुलीच्या दप्तरांत तें पुस्तक नव्या आवृत्तींत पाहिलें. माझें नांव त्यावर नव्हतें. मजकूर माझाच, हें मीं ओळखलें तें एका चुकीवरून; एका गडाची उंची मीं चुकीची लिहिली होती, ती तशीच होती. भांडावें, तर पुरावा म्हणून स्वतःची चूक पुढें करावी लागली असती! मी गप्प बसलों. आपल्या १९५७ च्या कायद्यांतही हक्काचें हस्तांतर लेखी आणि सहीनिशीं व्हावें असें सांगितलें आहे, हें मला फार उशिरां समजलें. जुन्या मराठी ग्रंथांच्या पहिल्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' अशी ओळ असे. कोणाच्या स्वाधीन, हें विचारण्याचें मला त्या वयांत सुचलें नाहीं.

म्हणून पेंडर्सचा हट्ट मला परका वाटत नाहीं, आणि मासिक चालवितांना हबकून गेलेल्या संपादकांची अडचणही कळते. परंतु या तंट्यांत एक तिसरा पक्ष होता, त्याचें म्हणणें कोणीं विचारलें नाहीं. दर महिन्याला खाऊचे पैसे वांचवून ज्यानें अंक घेतला, लॉकच्या मृत्यूनें ज्याच्या डोळ्यांत पाणी आलें, त्या मुलाची सही कोणत्याच कागदावर नव्हती. कायद्यानें त्याचा हक्क नाहीं, हें मला मान्य आहे. पण मालकीचा कागद पहिल्याच दिवशीं नीट झाला असता, लेखकाचा वांटा लेखकाला आणि संस्थेचा संस्थेला असें स्वच्छ लिहिलें गेलें असतें, तर पात्रांची ही हकालपट्टी टळली असती. पहिल्या दिवशीं मित्रामित्रांत कागद कशाला, असें म्हणण्यांत जो चांगुलपणा दिसतो, त्याची किंमत शेवटीं तिसऱ्यानेंच मोजली.

भाचा परत जावयास निघाला, तेव्हां त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याला दिलें. शेऱ्याच्या रकान्यांत लिहावयाचें तें इतकेंच: 'मूळ कागद सांपडला नाहीं.' तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, ही थप्पी तुमच्याकडेच असूं द्या."

पेशवे दफ्तरांतले कागद जसे रुमालांत बांधलेले असतात, तशी ती थप्पी मीं एका जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून ठेवली आहे. वर एक चिठी लाविली आहे, आणि तीवर त्या नाहींशा झालेल्या पात्रांचीं नांवें, प्रत्येकापुढें तें कोणाच्या लेखणींतून उतरलें त्याचें नांव, जितकें मला अंकांवरून लावतां आलें तितकें, ठळक अक्षरांत लिहिलें आहे.